ओला-सुका कचरा आपोआप वेगळा करणारा डबा: कोकणच्या खाऱ्या हवेत चालेल असा

असा डबा कसा करायचा हे सांगणारे आराखडे शेकड्याने मिळतात, आणि बहुतेकांत एकच वाक्य असतं: ओलाव्याचा सेन्सर लावा, आकडा अमुकच्या खाली गेला की ओला कचरा समजा. हे वाक्य लिहिणाऱ्याने जुलै महिन्यात मालवणच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर असा डबा कधी ठेवलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो. मी ठेवला होता, एका खानावळीच्या मागच्या पडवीत. पावसाळा सुरू झाल्यावर आठवडाभरात त्याने सगळंच ओल्यात टाकायला सुरुवात केली. कोरडा कागदी नॅपकिन ओल्यात, प्लास्टिकचा पेला ओल्यात, बिस्किटाचं वेष्टण ओल्यात. मालक भला माणूस, काही बोलला नाही, पण डब्याची वायर काढून ठेवलेली मला दिसली.

त्यानंतर मी सहा डबे केले, देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत. ते आज चालू आहेत. हा लेख त्या अनुभवावरून आहे. आर्डुइनो म्हणजे काय, त्यात प्रोग्रॅम कसा घालायचा, सोल्डरिंग कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी काय नको ते

कॅमेरा नको. फोटोवरून कचरा ओळखणारे प्रोग्रॅम चांगले आहेत, पण रश्श्याची वाफ आणि माशाचे खवले लागलेल्या काचेतून त्यांना काही दिसत नाही. पहिला डबा सेन्सरचाच करा.

गाठ मारलेली पिशवी या डब्यात टाकायची नाही. पिशवीच्या आत काय आहे ते कुठलाच सेन्सर सांगू शकत नाही. हा डबा एका वेळी एक वस्तू घेतो, त्यामुळे तो खानावळीत, शाळेत, एसटी स्टँडवर शोभतो. घरी दोन बादल्या पुरतात. डायपर, सॅनिटरी पॅड, फुटकी काच, औषधं आणि बॅटरी यांच्यासाठी बाजूला वेगळा, झाकणाचा डबा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. 2016 च्या घनकचरा नियमांतसुद्धा ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. तिसरा भाग यंत्राच्या भरवशावर सोडू नका. शहाळीही नकोत, एका शहाळ्यातच तोंड बंद होतं.

सांगाडा

वर तोंड, तोंडाखाली उतरती घसरण, घसरणीखाली बिजागरीवर उघडणारं ताट, ताटाखाली फिरणारी पन्हळ, आणि पन्हळीखाली अर्धवर्तुळात तीन बादल्या: ओला, सुका, धातू. पन्हळ म्हणजे सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेला अर्धा भाग. उतार निदान 45 अंशांचा हवा, नाहीतर बांगड्याचं कातडं मध्येच चिकटून बसतं. ताट उघडायला एक आणि पन्हळ फिरवायला एक, अशा दोन धातूच्या दातेऱ्यांच्या सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या. एमजी-996-आर चालतात. प्लास्टिक दातेऱ्यांच्या लहान निळ्या मोटर घेऊ नका, आंब्याचा बाठा पडला की दाते झडतात.

सर्वोला वीज आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून देऊ नका. अडकलेली मोटर अडीच अँपिअरपर्यंत ओढते. वेगळा स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करून देणारा) मॉड्यूल लावा, दोन्हीकडची ग्राउंड एकत्र जोडा, आणि दोन्ही मोटर एकदम फिरणार नाहीत असा प्रोग्रॅम लिहा. पावसात वीज जाणारच, म्हणून मुळातून 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी आणि तिला चार्जर. दिवस सहज निघतो.

धातू आधी तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धातू, मग ओला-सुका. कारण पुढे सांगतो त्या ताटावर अ‍ॅल्युमिनियमचा कॅन आडवा पडला की वीज सरळ त्यातून वाहते आणि यंत्राला वाटतं की याच्याइतका ओला कचरा जगात नाही.

धातूसाठी इंडक्टिव्ह सेन्सर लागतो, तो धातू न शिवता ओळखतो. बारा मिलिमीटर व्यासाचा स्वस्त सेन्सर जेमतेम चार मिलिमीटरवरचं लोखंड पकडतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत ते अंतर निम्म्याहून कमी होतं. म्हणून 30 मिलिमीटर व्यासाचा, 15 मिलिमीटर पल्ल्याचा घ्या आणि घसरणीच्या तळाला, प्लास्टिकमध्ये बसवा. भोवती पत्रा असला तर तो पत्र्यालाच धातू म्हणून ओळखतो. वस्तू क्षणात सरकून जाते, तेव्हा एकदा मिळालेला इशारा ताट रिकामं होईपर्यंत लक्षात ठेवा. सेन्सर 12 व्होल्टवर चालतो, म्हणून आर्डुइनोशी जोडताना मध्ये ऑप्टोकपलर घाला, तो फक्त इशारा पुढे देतो, 12 व्होल्ट नाही. सोड्याची बुचं, कॅन, डबे नीट ओळखले जातात. वेफर्सच्या पुडीवरची चकाकी धातूचीच असते, पण तो थर इतका पातळ असतो की सेन्सरला कळत नाही. पुडी सुक्यात जाते, तेच बरोबर आहे.

ओलं की सुकं: इथे वेळ द्या

माझा पहिला डबा का फसला ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

मी बाजारात मिळणारी पावसाच्या सेन्सरची पट्टी ताटात चिकटवली होती. दोन गोष्टी झाल्या. तिच्यातून सतत वीज वाहत होती, त्यामुळे एका बाजूच्या रेघा झिजून हिरव्या झाल्या. पण ते नंतर. खरं कारण मला एका सकाळी सापडलं. खानावळ उघडायच्या आधी, रात्रभर रिकाम्या असलेल्या ताटावर मी बोट फिरवलं. ताट पुसलेलं होतं, तरी बोटाला चिकट ओल लागली. जिभेला लावून पाहिलं, खारट. खारं वारं ताटावर मिठाचा थर धरतं, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे माझा सेन्सर कचरा मोजतच नव्हता, समुद्र मोजत होता.

यावर लोक सांगतात की मर्यादेचा आकडा खाली आणा. मीही आणला. पाऊस उघडला, दोन दिवस ऊन पडलं आणि केळ्याची साल सुक्यात जायला लागली. आकडा वर-खाली करत बसण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. तुमचा घालवू नका.

ताट असं करा. जाड प्लास्टिकचं ताट, 25 सेंटीमीटर रुंद. त्यावर स्टेनलेस स्टीलच्या एक सेंटीमीटर रुंद दहा पट्ट्या, दोन पट्ट्यांत 12 मिलिमीटर अंतर. स्टील 316 जातीचं घ्या, 304 नको. समुद्राकाठी 304 वर तपकिरी डाग पडतात, 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं. आणि पट्ट्या ताटावर चिकटवायच्या नाहीत. नायलॉनच्या वॉशरवर ताटापासून आठ-दहा मिलिमीटर उचलून बसवायच्या. यानेच अर्धं काम होतं. ताटावर मिठाची ओल धरली तरी एका पट्टीपासून दुसरीपर्यंत जायला तिला वॉशरवरून खाली-वर चढावं लागतं, सपाट वाट मिळत नाही. ठिबकलेलं पाणीही पट्ट्यांच्या मधून खाली जातं. त्यासाठी ताटाला चार भोकं पाडा.

एक सोडून एक पट्ट्या एकमेकींना जोडा, म्हणजे दोन गट झाले. पहिला गट 10 किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून आर्डुइनोच्या एका डिजिटल पिनला, आणि तोच गट थेट एका अ‍ॅनालॉग पिनला. दुसरा गट दुसऱ्या डिजिटल पिनला. मोजताना पहिली पिन चालू, दुसरी बंद, आकडा घ्या. लगेच उलट करा: पहिली बंद, दुसरी चालू, पुन्हा आकडा घ्या, तेवढाच वेळ. मग दोन्ही बंद. वीज दोन्ही दिशांनी सारखी वाहिली की पट्ट्या झिजत नाहीत. माझ्या सगळ्यात जुन्या ताटाच्या पट्ट्या अजून पहिल्याच आहेत. दुसरा फायदा असा, की या दोन आकड्यांची बेरीज 1023 च्या आसपास यायला हवी. चाळीसहून जास्त फरक पडला तर वस्तू अजून हलते आहे किंवा वायर सुटली आहे, पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी पंधरा आकडे घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधला धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वस्तू पडण्याआधी रिकामं ताट मोजा, वस्तू पडल्यावर पुन्हा मोजा, आणि फरक काढा. हे बरेच जण सांगतात. पण ते आकड्यांचा फरक काढतात, आणि तिथे चुकतात. आकडा सरळ रेषेत चालत नाही. फरक काढायचा तो वाहकतेचा, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याचा. 1023 मधून पहिला आकडा (पहिली पिन चालू असतानाचा) वजा करा आणि उत्तराला त्याच आकड्याने भागा, झाली वाहकता. मिठाची ओल आणि कचरा हे विजेला दोन शेजारी वाटा देतात, आणि शेजारच्या वाटांच्या वाहकतांची नुसती बेरीज होते. म्हणून वजाबाकी केली की मीठ पूर्ण निघून जातं.

उदाहरण घ्या. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी रिकामं ताट 1010 दाखवतं, केळ्याची साल पडली की 609. आकड्यांचा फरक 401. जुलैत रिकामं ताट 700 दाखवतं, तीच साल पडली की 481. फरक 219, जवळजवळ निम्मा. आता वाहकता काढा. मे महिन्यात 0.013 वरून 0.680, म्हणजे वाढ 0.667. जुलैत 0.461 वरून 1.127, वाढ 0.666. साल तीच, उत्तरही तेच. हे गणित पहिल्यांदा वहीत जुळलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता पडवीत जाऊन साल टाकून पुन्हा पाहिली होती.

माझ्या ताटावर वाढ 0.15 च्या वर गेली की ओला. कोरडा कागद भर पावसातही 0.05 च्या वर जात नाही. तुमचा आकडा तुमच्या ताटावर काढा, पण वाहकतेतच काढा.

राहिली पावसात भिजलेली प्लास्टिकची बाटली. ती सुकी, पण अंगावर पाणी. यासाठी वस्तू पडल्यावर सर्वोने ताटाला पाच अंशांचे तीन झटके द्या, दोन सेकंद थांबा, आणि मग मोजा. बाटलीवरचे थेंब पट्ट्यांमधून गळून जातात. सालीतलं, भातातलं, माशाच्या आतड्यातलं पाणी आतच असतं, ते गळत नाही. दहातल्या आठ-नऊ बाटल्या याने सुक्यात जातात.

करवंटी आणि सोडणं (नारळाची काथ्याची सालं) सुक्यात पडतील. पडू द्या, ती पुढे बंबात किंवा चुलीतच जातात. तिसऱ्यांच्या शिंपल्या रश्श्यामुळे ओल्यात जातात. त्या खतात कुजत नाहीत, बादलीतून वेचून कुटा आणि माडाच्या आळ्यात टाका.

वायरिंग आणि खोकं

ब्रेडबोर्ड आणि टोचायच्या वायर दोन महिन्यांत हिरव्या पडतात. सगळं सोल्डर करा, सर्किटवर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओल अडवणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हात मारा, रबरी कडेचं बंद खोकं वापरा. वायर खोक्यात खालून शिरवा आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल. ताटाकडे जाणारी वायर सिलिकॉनची, बारीक तारांची हवी. साधी वायर बिजागरीपाशी तुटते. बादली भरल्याचं कळायला उघड्या डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला तर त्याच्या जाळ्या गंजतात. जलरोधक घ्या, पण तो वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं ओळखत नाही, तेवढा उंच बसवा.

बसवण्याआधी आणि नंतर

निदान पन्नास वस्तू टाकून पाहा, त्याही भर पावसाच्या दिवशी. दुकानातल्या स्वच्छ वस्तू नकोत, खानावळीतलाच कचरा आणा. चुकलेली प्रत्येक वस्तू आणि तिचा आकडा वहीत लिहा.

ओल्या बादलीतलं त्याच दिवशी खड्ड्यात गेलं पाहिजे. मासळी असेल तर वर सोडणाचा भुसा किंवा पालापाचोळा दडपून घाला. वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागेचं पर्यटनस्थळ करून दाखवलं ते कचरा आधी वेगळा झाला म्हणूनच. डब्याने वेगळं केलेलं संध्याकाळी एकाच गाडीत ओतणार असाल तर डबा करूच नका.

रोज रात्री ताट विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने धुवायचं, ब्रशने, पट्ट्यांच्या खालूनही. धुवायला विसरलं तर कळावं म्हणून रिकाम्या ताटाची वाहकता 0.6 च्या वर गेली की लाल दिवा लागेल असं करा. फणसाच्या दिवसांत एक जास्तीचं काम असतं. चारखंडांचा (फणसाच्या सालींचा) चीक पट्ट्यांवर बसतो आणि वीज अडवतो, मग ओली वस्तूसुद्धा सुकी ठरते. पाण्याने तो निघत नाही. खोबरेल चोळा, चीक सुटला की लगेच साबणाने धुऊन टाका, कारण तेलाचा थर राहिला तर तोही वीज अडवतो. धुतल्यावर ओला हात दोन पट्ट्यांवर ठेवा. वाढ 0.15 च्या वर दिसली की ताट तयार आहे.