सेरियस निवडुंग: पाऊस लागण्याआधी छाट उरका

सेरियस रिपँडस हा खांबासारखा सरळ वाढणारा, बिनकाट्याच्या फळांचा निवडुंग. मूळचा व्हेनेझुएला, कोलंबियाचा उत्तर भाग आणि अरुबा-कुरसाव बेटांवरचा. मोकळ्या जमिनीत 10 मीटरपर्यंत जातो. छाटणी आणि नवी लागवड पावसाच्या किमान सहा आठवडे आधी उरका. दमट हवेत जखम सुकत नाही आणि कूज तिथूनच आत शिरते.

छाट 45 ते 60 सेंमीची, निब्बर खोडाची घ्या. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा. झाडावर उरणारा काप तिरका ठेवा, म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही. छाटेच्या बुडाशी कंगोऱ्यांच्या कडा पेन्सिलीला टोक काढल्यासारख्या 2 सेंमी तासा. गर सुकताना आत ओढला जातो, साल मात्र ताठ राहते. न तासलेले बूड त्यामुळे वाटीसारखे पोकळ होते. मुळे मुख्यतः कापावरच्या मधल्या फिकट कड्यातून फुटतात, आणि ते कडेच मातीला टेकत नाही.

छाट सावलीत, वाऱ्यावर 15 ते 20 दिवस सुकवा, पण उभी. आडवी पडली तर शेंडा वर वळतो, कुशीतून मुळे सुटतात. बूड पुठ्ठ्यासारखे कडक लागले की 8 ते 10 सेंमी खोल लावून काठीला बांधा. आधार मिळावा म्हणून खोल गाडाल तर छाट कुजेल. पहिले पाणी 10 दिवसांनी. कुंडीला एक भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू. शेतात 30 सेंमी उंच गादीवाफा. युरिया टाळा, खोड पिचपिचीत होते.

जुन्या झाडाचे बूड तपकिरी आणि कडक असेल तर ते वयाने आलेले खरखरीतपण आहे, काळजी नको. दाबल्यावर मऊ, ओलसर लागले तर कूज. वरचा निरोगी भाग कापून घ्या. कापावरच्या कड्यात तपकिरी ठिपका एक जरी दिसला तरी आणखी वर कापा.

कंगोरे भात्यासारखे असतात, पाण्याने फुगतात. महिनोन्‌महिने तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाले की साल उभी तडकते. म्हणून पावसाआधी दर दहा दिवसांनी हलके पाणी सुरू करा.

फळे हवी असतील तर सगळ्या छाटा एकाच झाडाच्या घेऊ नका. या निवडुंगाला स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि एका झाडाच्या शंभर छाटा म्हणजे परागणाच्या हिशेबात एकच झाड. बियांपासून वाढलेल्या किमान दोन वेगळ्या झाडांच्या छाटा आलटून पालटून लावा. फूल अंधार पडल्यावर उमलते आणि सकाळी मिटते. पतंगांची ये-जा दिसत नसेल तर त्याच रात्री मऊ कुंचल्याने एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलात, मधल्या बहुशाखी टोकावर लावा.