काखेतल्या गाठी काढल्यानंतर हात सुजतोय? या चुका टाळा

दिवाळीआधी तासगावात कासारीण दारात आली, तेव्हा मला कळलं. डाव्या हातात बांगड्या सरळ चढल्या, उजव्यात मुठीवरच अडकल्या. उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. घरचे म्हणाले, वजन वाढलं असेल. एकाच हातात कसं वाढेल, हे मलाही सुचलं नाही. ही पहिली चूक.

काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे अंगातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी, काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातल्या द्रवाची वर जायची वाट अरुंद होते आणि तो साचतो. सूज काही महिन्यांत येते, तशी कैक वर्षांनीही येते.

मग शेजारच्या मावशींनी मायेनं कोमट तेल लावून आठ दिवस हात रगडला. हात आणखी जड झाला. या सुजेला जोर चालत नाही. कातडी जेमतेम हलेल इतक्या हलक्या हाताने आणि आधी मान-छातीची वाट मोकळी करून हा मसाज करतात. तो फिजिओथेरपिस्टकडूनच शिका. लघवीच्या गोळ्यांनीही ही सूज उतरत नाही.

"तू काही उचलू नकोस" म्हणून हात पोटाशी धरून बसलात तर खांदा आखडतो. स्नायू हलले की द्रव सरकतो. वेणी घाला, भिंतीवर बोटं चढवा, वजन अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी द्राक्षाचं भरलेलं क्रेट मात्र नको.

सूज आवरायला हातावर घट्ट लवचिक बाही घालतात, ती दाबाची बाही मापाचीच हवी. वरची कड दुमडली तर तिथेच काच पडतो.

दंडाचा आतला भाग ऑपरेशननंतर बऱ्याचदा बधिर असतो, तवा लागला तरी कळत नाही. उसाचं पातं, छाटणीची कात्री, साधी चीर यांतूनही जंतू शिरतात. आपल्या हळदीच्या सांगलीत हे सांगणं जड जातं, पण चिरेवर हळद दाबू नका; साबण-पाण्याने धुवा. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक लागतं, सकाळची वाट पाहू नका.

आता मी दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी दोन्ही हात टेपने मोजते: मनगट, कोपराच्या १० सेंटिमीटर खाली, १० वर. आकडे कॅलेंडरवर लिहिते. दोन हातांतला फरक आधीपेक्षा २ सेंटिमीटरने वाढला, की डॉक्टरांकडे जायला मिरजेची एसटी धरते.