पत्रपेटीतलं नको असलेलं टपाल कसं थांबवायचं

कॅटलॉग, कर्जाच्या ऑफर, देणगीची आवाहनं थेट रद्दीत गेली की पुढच्या महिन्यात तेवढीच परत येतात. म्हणून महिनाभराचं टपाल एका खोक्यात साठवा आणि दोन ढीग करा: नाव असलेलं आणि नाव नसलेलं.

नाव नसलेली पत्रकं परिसरात सरसकट वाटली जातात. त्यासाठी पेटीच्या फटीलगत, टाकणाऱ्याची नजर जाईल तिथेच, 'जाहिरातपत्रकं टाकू नयेत' अशी पावसात न पुसणारी पट्टी लावा.

खरं काम नावाच्या टपालाचं. पाकिटावरची पत्त्याची पट्टी नीट बघा. नावाच्या वर किंवा शेजारी बरेचदा आकडे आणि अक्षरांची एक बारीक ओळ असते. ग्राहक क्रमांक आणि नाव कोणत्या यादीतून आलं याचा संकेतांक सहसा त्यातच असतो. पट्टीचा फोटो काढून कंपनीला पाठवायच्या ईमेलला जोडा आणि नाव-पत्ता जसा छापलाय तसाच लिहा, अगदी चुकांसकट. एकच कॅटलॉग आद्याक्षराने आणि पूर्ण नावाने असा दोनदा येत असेल, तर दोन्ही नोंदी कळवा. नाहीतर एकच बंद होते.

'माझं नाव काढून टाका' एवढंच लिहू नका, इथेच बहुतेकांचं फसतं. कंपन्या पत्त्यांच्या याद्या भाड्याने घेतात. नाव नुसतं पुसलं, तर पुढच्या यादीतून ते नवीन म्हणून पुन्हा आत येतं. त्याऐवजी असं लिहा: 'माझं नाव व पत्ता टपाल न पाठवण्याच्या यादीत ठेवा, इतर कोणालाही देऊ नका आणि तो तुम्हाला कुठून मिळाला ते कळवा.' शेवटचा प्रश्न गाळू नका. यादी पुरवणाऱ्याचं नाव कळलं, तर एका पत्रात अनेक कंपन्यांचं टपाल थांबू शकतं. युरोपीय संघात जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या 21व्या कलमानुसार, अशी हरकत घेतल्यावर जाहिरातीसाठी तुमची माहिती वापरणं कंपनीला थांबवावंच लागतं.

पाकिटं आधीच छापून तयार असतात, त्यामुळे दोन-तीन महिने टपाल येतच राहील. त्यानंतरही आलं, तर पहिल्या ईमेलची तारीख देऊन पुन्हा लिहा.

आधीच्या रहिवाशाचं पाकीट न उघडता त्यावर 'या पत्त्यावर राहत नाहीत, परत पाठवा' असं लिहा. पत्त्यासोबत खालचा बारकोडही खोडा, नाहीतर वर्गीकरणाचं यंत्र ते तुमच्याकडेच धाडू शकतं. स्वस्त दराचं घाऊक टपाल बऱ्याच ठिकाणी परत जातच नाही. तिथे पाठवणाऱ्यालाच कळवावं लागतं.

तुमच्या पत्त्याची नवी गळती होते ती स्पर्धेची कुपनं, दुकानांची सदस्यत्व कार्डं आणि वॉरंटी नोंदणीच्या फॉर्ममधून. वॉरंटीला बहुधा बिल पुरतं. फॉर्म भरावाच लागला, तर सक्तीचे नसलेले रकाने कोरे ठेवा, 'इतर ऑफर पाठवा'समोर खूण राहू देऊ नका आणि नावात प्रत्येक ठिकाणी वेगळं मधलं अक्षर घाला. पुढे त्या अक्षराने तिऱ्हाईत कंपनीचं पाकीट आलं, की पत्ता कोणी पुढे दिला ते लगेच कळतं.