व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया: बेडसाइडला होणाऱ्या या चुका टाळा

आयसीयूत नव्याने आलेल्या सिस्टर्सना मी आधी एक चित्र काढून दाखवते. तोंड, घसा, ईटी ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली श्वासाची नळी) आणि ट्यूबभोवती फुगलेला कफ, म्हणजे हवेचा छोटा फुगा (खोकल्यातला कफ नव्हे). कफच्या वर लाळ साचून डबकं होतं, तोंडातले जंतू त्यात वाढतात आणि कफच्या कडेकडेने खाली झिरपतात. इंट्यूबेशनला, म्हणजे ही ट्यूब घातल्याला, ४८ तास उलटून गेल्यावर होणारा न्यूमोनिया बहुतेकदा याच वाटेने येतो.

पण अनेकींचा संशय मशीनवर. म्हणून सर्किट (मशीन आणि ट्यूब जोडणाऱ्या नळ्या) वार ठरवून बदललं जातं. त्याची गरज नाही. सर्किट घाण दिसलं किंवा बिघडलं, तरच बदला. नळीत साचलेलं पाणी मात्र पेशंटला कुशीवर वळवण्याआधी काढा, नाहीतर ते सरळ ट्यूबमध्ये उतरतं.

आता कफ. पायलट बलून (कफला जोडलेला, बाहेर राहणारा छोटा फुगा) बोटांनी दाबून ‘ठीक वाटतोय’ म्हणायची सवय मलाही होती. बोटाला काही कळत नाही. मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या यंत्रावर) २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा दाब हवा. कमी पडला तर डबकं गळतं, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. गंमत अशी की मॅनोमीटर जोडतानाच थोडी हवा निसटते. समजा आकडा १८ आला. दाब आधीच कमी होता की जोडताना उतरला, हे सांगता येणार नाही. वाद घालत बसू नका, २५ च्या आसपास आणून ठेवा. दर शिफ्टला बघा, शिवाय पेशंटला हलवल्यावर किंवा स्कॅनहून आणल्यावर पुन्हा बघा. तासातासाला हवा भरावी लागत असेल तर भरत राहू नका. व्हॉल्व्ह गळतोय का, ट्यूब वर सरकलीय का, हे तपासा आणि डॉक्टरांना बोलवा.

चार्टवर ‘हेड एंड ३० अंश’ लिहिलेलं असतं आणि पेशंट घसरून बेडच्या मध्यावर आलेला असतो. अशा वेळी कंबरेऐवजी छाती दुमडते आणि पोट दाबलं जातं. आधी पेशंटला वर ओढा, खुबा बेडच्या घडीवर आणा, मग डोकं ३० ते ४५ अंशांवर घ्या. कोन डोळ्यांनी ठरवू नका, बेडवरचा काटा वाचा. मणक्याला इजा असेल तर डॉक्टरांना विचारून अख्खा बेड तिरका करता येतो.

सगळ्यात दुर्लक्षित क्षण चादर बदलण्याचा. बेड सपाट करण्याआधी फीड (नळीतून चाललेलं अन्न) थांबवा आणि तोंडातलं, घशातलं सक्शन करा, म्हणजे साचलेलं नळीने ओढून काढा. काम संपल्यावर डोकं परत वर घ्यायला विसरू नका. घाईच्या सकाळी हे हमखास राहतं.

तोंडाच्या स्वच्छतेत क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकावर फार भिस्त ठेवली जाते. अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रण संस्थांच्या २०२२ च्या शिफारशींत मात्र त्याऐवजी रोज ब्रशने दात घासायला सांगितलंय. लहान, मऊ ब्रश घ्या आणि दुसऱ्या हातात सक्शन चालू ठेवा.

ट्यूबमधलं सक्शन घड्याळ बघून नको. स्राव ऐकू आला, वेव्हफॉर्म (मशीनच्या स्क्रीनवरचा श्वासाचा आलेख) करवतीसारखा दिसू लागला, मशीनवर प्रेशर वाढलं की करा, एका वेळी १५ सेकंदांच्या आत. ‘सैल व्हावं’ म्हणून दर वेळी सलाईन सोडणं बंद करा. हात आधीही स्वच्छ करा आणि नंतरही. ग्लोव्हज घातले म्हणून सुटका नाही.

राउंडला एक प्रश्न तुम्हीच विचारा: आज सेडेशन (गुंगीचं औषध) थांबवून श्वासाची ट्रायल घ्यायची का, म्हणजे पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघायचं का? पेशंट डोळे उघडतोय, सांगितलेलं ऐकतोय, हे बाकी कुणाहीआधी तुम्हाला दिसतं.

आणि ट्यूब काढायच्या दिवशी कफमधली हवा सोडण्याआधी वरचं डबकं सक्शनने रिकामं करा. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं त्या एका सेकंदात खाली जाऊ शकतं.