इंजिन ऑइल खातंय? आधी मोजा, मग खोला

गाडी ऑइल खाते म्हटलं की इंजिन उतरवायचा सल्ला मिळतो. तो ऐकण्याआधी ऑइल किती जातं आणि कुठून जातं, हे शोधा.

सपाट जागेवर गाडी उभी करून गरम इंजिन बंद करा आणि १० मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पातळी पाहा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. १००० किमीनंतर त्याच जागी पुन्हा तेवढीच पातळी आणायला किती ऑइल लागतं ते मोजा. काही उत्पादक १ लिटरपर्यंत चालतं म्हणतात. आमच्या मते अर्ध्या लिटरवर गेलं की कारण शोधायलाच हवं. खुणेच्या वर मात्र कधीच भरू नका. क्रँकशाफ्ट जास्तीचं ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातले वायू बाहेर काढणारी नळी) इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याचा मार्ग) जाऊन जळतं.

मग गळती पाहा: व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, फिल्टर, ड्रेन प्लग, क्रँक सील. एक्झॉस्टवर पडणारं ऑइल तिथेच जळून जातं, त्यामुळे जमीन कोरडी दिसली तरी जळका वास येतो का ते बघा.

गळती नसेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहा, म्हणजे क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या भागातले) वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप. हा छोटा भाग बिघडला म्हणून रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) बदललेल्या गाड्या असतात, याचं वाईट वाटतं. तो उघडा अडकला तर इनटेक ऑइल ओढतं. बंद अडकला तर क्रँककेसमध्ये दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. पेट्रोल इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलका चिकटला तर ठीक. उडाला तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगांतून वायू खाली येतोय. झाकण निघता निघत नसेल आणि शिट्टी ऐकू येत असेल, तर पीसीव्हीचा डायफ्राम (पातळ रबरी पडदा) फाटलेला असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच नव्या इंजिनांत हा डायफ्राम व्हॉल्व्ह कव्हरमध्येच असतो, मग कव्हरच बदलावं लागतं.

आता निळसर धूर केव्हा येतो ते पाहा. रात्रभर उभी गाडी चालू करताना किंवा लांब उतारावरून येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना आला, तर दोष व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणाऱ्या सीलचा. ही सील बहुतेकदा हेड न काढता बदलता येतात: स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगा. टर्बो असेल तर त्याच्या परतीच्या ऑइल पाइपमध्ये कार्बन साचलाय का तेही तपासा.

रिंगांबाबत एक फसगत नेहमी होते. कंप्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा ठीक समजतात. पण कंप्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. सिलिंडरवरचं ऑइल खरवडणारी तिसरी. ऑइल उशिरा बदललं की तिच्यामागची निचऱ्याची छिद्रं कार्बनने बुजतात आणि ती खाचेत चिकटते. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहा. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन आणि कडेला धुतल्यासारखी स्वच्छ पट्टी दिसली, तर ऑइल तिथूनच वर येतंय.

ऑइल कमी जावं म्हणून जाड ऑइल घालायचं तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपैकीच घाला. दुरुस्ती लांबणीवर पडणार असेल तर दर ५०० किमीला डिपस्टिक पाहा. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) हळूहळू निकामी करत असतो.