गाभडलेली म्हैस आणि घरातला ताप: सोलापूरच्या पशुपालकांसाठी आश्विन-कार्तिकातला सल्ला

पावसाळा सरता सरता आपल्याकडे म्हशी विण्याचा हंगाम भरात येतो, त्यापाठोपाठ शेळ्या-मेंढ्यांची वेत सुरू होतात आणि कार्तिकी वारीच्या सुमारास पंढरपूरच्या बाजारात जनावरांची मोठी खरेदी-विक्री होते. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, या रोगाला एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाण्यासाठी आणि गोठ्यातून घरात शिरण्यासाठी याहून सोयीचा काळ नाही.

गाय किंवा म्हैस सहाव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली किंवा अशक्त वासरू जन्मून दोन दिवसांत मेले, तर आपण त्याचे खापर पेंडीच्या उष्णतेवर, घसरून पडण्यावर, नाहीतर दृष्टीवर फोडतो. तेही कारण असू शकते. पण रक्त तपासल्याशिवाय ते मान्य करू नये. हा रोग फसवा आहे, कारण बाधित जनावर बहुधा एकदाच गाभडते आणि पुढच्या वेताला नीट विते. मालकाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात त्याच्या दुधातून आणि विताना पडणाऱ्या स्रावातून जंतू पुढेही बाहेर पडत राहतात.

माणसाला धोका सर्वांत जास्त असतो तो वार काढताना. रात्री अकरा वाजता, कोणीतरी बॅटरी धरली आहे, बाही कोपराच्या वर सारली आहे आणि बोटाला सकाळी कडबा तोडताना पडलेली चीर तशीच उघडी आहे, हे दृश्य कोणत्याही गोठ्यात दिसते. त्या चिरेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा श्वासावाटेही जंतू शरीरात जातात. म्हणून अडकलेली वार उघड्या हाताने ओढू नये; पशुवैद्यकाला बोलवावे (शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे). विण्याच्या वेळी मदत करावीच लागली तर लांब हातमोजे, तोंडाला फडके आणि पायांत गमबूट असावेत, नंतर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. गरोदर स्त्रीने या कामात हात घालू नये.

गाभडलेला गर्भ व वार उकिरड्यावर, ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नये. कुत्रे ते तोंडात धरून वस्तीभर फिरवते आणि रोग चार गोठ्यांत पोहोचतो. चार-पाच फूट खोल खड्ड्यात चुना टाकून ते पुरावे, भिजलेला कडबा जाळावा आणि जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून काढावी. ओल्या, सावलीतल्या मातीत हे जंतू महिनोन्‌महिने टिकतात, उन्हात लवकर मरतात. त्यामुळे गोठ्याचा तो कोपरा उघडा करून ऊन लागू द्यावे.

दुधाबद्दल घाबरण्याचे कारण नाही. उकळी आलेल्या दुधात जंतू मरतात, त्यामुळे चहा, तापवलेल्या दुधाला विरजण लावून केलेले दही आणि नीट वाफवलेला खरवस यांत अडचण नाही. अडचण आहे ती धारोष्ण दुधाची. पोरांना ताकद येते म्हणून कासेखाली पेला धरण्याची सवय, विशेषतः शेळीच्या बाबतीत, सोडली पाहिजे. कारण शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेल्ला मेलिटेन्सिस हा प्रकार माणसाला सर्वांत जास्त त्रास देतो.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. ती जिवंत जंतूंची असल्याने गाभण जनावराला आणि नराला देत नाहीत, आणि टोचताना सुई माणसाला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बाजारातून आणलेले जनावर महिनाभर वेगळे बांधावे, रक्त तपासून घ्यावे आणि मगच दावणीला आणावे. गाभडल्यावर लगेच घेतलेला नमुना कधी कधी खोटा दिलासा देतो, म्हणून तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. बाधित ठरलेले जनावर गुपचूप बाजारात नेणे म्हणजे आपला तोटा दुसऱ्याच्या दावणीला बांधणे. ते वेगळे ठेवावे, त्याची धार सर्वांत शेवटी काढावी आणि पुढे काय करायचे ते पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

या रोगाची सर्वाधिक उपेक्षा होते ती माणसाच्या दवाखान्यात. संध्याकाळी चढणारा, सकाळी उतरणारा ताप, अंथरूण भिजवणारा घाम, कंबर व सांधे ठणकणे, पुरुषांत कधी वृषणाला सूज. ही लक्षणे मुदतीच्या तापासारखी किंवा क्षयासारखी दिसतात आणि उपचार त्याच दिशेने जातात. पशुवैद्यक गोठा पाहतो, डॉक्टर रुग्ण पाहतो, आणि दोन्ही गोष्टी माहीत असतात त्या फक्त पशुपालकाला. म्हणून ताप आठवड्याहून जास्त रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे, ‘आमच्याकडे जनावरे आहेत, दोन महिन्यांपूर्वी म्हैस गाभडली होती आणि वार मीच काढली होती.’ रोग ठरल्यास साधारण सहा आठवडे दोन औषधे एकत्र घ्यावी लागतात. दहाव्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या बंद केल्या, तर तो उलटतो. वार काढताना किंवा कच्चे दूध पिण्यात घरातले आणखी कोणी सोबत असेल, तर त्यांचीही रक्ततपासणी त्याच फेरीत करून घ्यावी.