ओपन सोर्सवर पोट भरायचं असेल तर

ओपन सोर्समधून, म्हणजे कोणालाही वापरायला आणि बदलायला खुल्या असलेल्या कोडमधून, कमाई म्हटलं की पहिल्यांदा देणगीचं बटण आठवतं. ते लावायला हरकत नाही, पण त्यावर घर चालेल असं धरून बसू नका. ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या खुल्या कोडवर जगभरातल्या असंख्य सर्व्हरांची सुरक्षा अवलंबून होती. तरीही २०१४ मध्ये त्यातला हार्टब्लीड हा सुरक्षेचा बग उघडकीस आला, तेव्हा त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. फुकट मिळणाऱ्या कोडसाठी कंपनी आपणहून पैसे देत नाही. ती पैसे मोजते ते भरवशासाठी: अडचण आली तर ठरलेल्या वेळेत उत्तर मिळेल, कायद्याचा घोळ होणार नाही, आणि मेंटेनर (कोड सांभाळणारा) उद्या गायब होणार नाही. शिवाय 'देणगी' म्हटलं की हिशेब विभागात फाइल अडते. त्याच रकमेचं 'वार्षिक सपोर्ट' असं इनव्हॉइस मात्र मंजूर होतं.

म्हणून सुरुवात सपोर्टच्या करारापासून करा. आधी तुमचा कोड कोण वापरतं ते शोधा. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर त्यावर अवलंबून असलेल्या प्रकल्पांची यादी दिसते, इश्यू (अडचणी) नोंदवणाऱ्यांच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव असतं, आणि नोकरीच्या जाहिरातींतही तुमच्या लायब्ररीचं नाव सापडू शकतं. मग रीडमीच्या (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलच्या) वरच्या भागातच 'व्यावसायिक सपोर्ट मिळेल' अशी ओळ, ईमेल आणि किमान दर टाका. दर न लिहिता 'संपर्क साधा' एवढंच लिहिलं, तर पुष्कळ जण विचारायचेच थांबतात.

दर ठरवताना जुन्या पगाराला तासांनी भागू नका. ५२ आठवड्यांतून सुट्ट्या आणि आजारपणाचे ६ वजा केले तर ४६ उरतात. आठवड्याला ४० तास धरले तर १८४० तास होतात. त्यातले निम्मे तास इश्यू, रिलीज, पत्रव्यवहार आणि गिऱ्हाईक शोधण्यात जातात असं धरा. म्हणजे बिल लावता येतं ते सुमारे ९०० तासांचं. वर्षाचा घरखर्च, कर, विमा, उपकरणं आणि थोडी शिल्लक यांच्या बेरजेला ९०० ने भागा. येणारा आकडा हा तुमचा किमान दर, त्याखाली उतरू नका.

करारात काही गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या आवृत्त्यांना सपोर्ट आहे, पहिलं उत्तर किती कामाच्या तासांत मिळेल, महिन्याला किती तास, त्यावरच्या तासांचा दर काय. 'बग किती वेळात सुटेल' याचं वचन कधीच देऊ नका, फक्त उत्तराची वेळ द्या. पैसे वर्षाचे किंवा तिमाहीचे आगाऊ घ्या. आणि केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात, मूळ परवान्याखालीच जाईल हे कलम विसरू नका. ते नसेल तर गिऱ्हाईक त्या कोडवर हक्क सांगू शकतं आणि तुम्हाला एकाच कोडच्या दोन शाखा सांभाळत बसावं लागतं.

सपोर्टमध्ये तुमचा वेळच विकला जातो. त्यापुढे जायचं तर विकण्यासारखी वस्तू लागते. साइडकिक या पडद्यामागची कामं उरकणाऱ्या सॉफ्टवेअरने मूळ भाग खुला ठेवला आणि बॅचेस (कामांचे गट), रेट लिमिटिंग (कामांच्या वेगावर मर्यादा) यांसारख्या सोयी सशुल्क आवृत्त्यांत ठेवल्या. रेघ कुठे ओढायची याची चांगली कसोटी अशी: एकट्या प्रोग्रामरला जे लागतं ते फुकट, मोठ्या टीमला आणि भाराला जे लागतं ते विकत. आज फुकट असलेली सोय उद्या कुलुपात टाकलीत तर लोक फोर्क करतील, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढतील, आणि त्यांचं चूक नसेल.

क्यूटी या अ‍ॅप बनवण्याच्या साधनासारखा दुहेरी परवाना हा दुसरा रस्ता. खुल्या परवान्याच्या अटी (उदा. आपले बदलही खुले करणं) नको असणाऱ्या कंपनीला व्यावसायिक परवाना विकायचा. पण त्यासाठी सगळ्या कोडचे हक्क तुमच्याकडे हवेत. बाहेरची पहिली पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याने पाठवलेला कोडबदल) घेण्याआधीच त्याचे हक्क तुम्हाला देणारा योगदान करार लावा. नंतर शंभर जणांना शोधून सह्या घेणं जवळपास अशक्य असतं. एमआयटीसारखा मोकळा परवाना दिला असेल तर हा मार्ग फारसा चालत नाही, कारण अडचणच नसेल तर सुटका कोण विकत घेणार? मात्र एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड सार्वजनिक मालकीत असूनही तिचे कर्ते हक्काच्या हमीचा परवाना विकतात. काही कंपन्यांच्या वकिलांना तेवढा कागद हवा असतो.

डेस्कटॉप अ‍ॅप असेल तर तयार बिल्ड विका. आर्डर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर तेच करतं: सोर्स मोकळा, तयार प्रोग्रामला पैसे. जीपीएल हा खुला परवाना याच्या आड येत नाही.

होस्टिंगमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवण्यात, पैसा आहे, पण बॅकअप, अपग्रेड आणि रात्री-अपरात्री बंद पडणारा सर्व्हरही त्यातच येतो. एकट्याने या वाटेला जाऊ नये.

देणग्या घ्यायच्याच असतील तर वजावट बघा. गिटहब स्पॉन्सर्स ही गिटहबचीच देणगीची सोय वैयक्तिक खात्यांवरून आलेल्या रकमेवर शुल्क घेत नाही, संस्थांच्या रकमेतून ६ टक्क्यांपर्यंत जातात. प्रकल्पांचे पैसे सांभाळणाऱ्या ओपन सोर्स कलेक्टिव्हकडे खातं ठेवलं तर १० टक्के. अनुदान हवं असेल तर एनएलनेटसारख्या संस्था ५,००० ते ५०,००० युरोपर्यंतचे प्रस्ताव घेतात आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर देतात. त्यामुळे अर्जात 'प्रकल्प सुधारणे' न लिहिता तपासता येतील असे टप्पे मांडा, आणि मधल्या महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

नोकरी हाही सरळ मार्ग आहे. कर्ल या नेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे मुख्य कर्ते २०१९ पासून वुल्फएसएसएलमध्ये आहेत, आणि ती कंपनी कर्लचा सपोर्ट विकते. मात्र सही करण्याआधी बौद्धिक संपदेचं कलम वाचा आणि प्रकल्प नावानिशी वगळून घ्या.

एकदा पैसे येऊ लागले की परवाना आवळण्याचा मोह होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू हा फोर्क निघाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या बाबतीत तेच झालं आणि व्हॅल्की उभं राहिलं. दोन्ही फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. कोड कोणीही उचलू शकतं, पण नाव तुमचं राहतं, म्हणून परवाना बदलण्याऐवजी तो पैसा ट्रेडमार्क नोंदवण्यात घाला.